गावाचे सभागृह : मेंढा (लेखा) येथील गोटूल आणि ग्रामसभा

गडचिरोली जिल्ह्यातील सार्वजनिक वास्तूंचा इतिहास लिहायला घेतला, की सुरुवात गोटुलापासूनच करावी लागते. ग्रामपंचायतीचे कार्यालय, समाजमंदिर, शाळेची इमारत या सगळ्या वास्तू अलीकडच्या. त्यांच्या कितीतरी आधीपासून इथल्या गोंड आणि माडिया गावांना स्वतःचे सभागृह होते. ते गावकऱ्यांनीच जंगलातल्या लाकडाने उभारलेले असे, दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारलेले असे, आणि त्यावर कोणा एकाची मालकी नसे.

या स्मरणिकेत मुलचेरा आणि आसपासच्या तालुक्यांतील वाचकांसाठी धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावच्या गोटुलाचा इतिहास देत आहोत. मुलचेरा जिल्ह्याच्या दक्षिण भागात, धानोरा उत्तरेकडे. पण गोटुलाचे जे झाले ते दोन्हीकडे सारखेच झाले. आधी ते गावाचे हृदय होते, मग ओस पडले, आणि काही गावांनी ते पुन्हा उभे केले. मेंढ्याची हकिगत त्यातली सर्वांत ठळक आहे. तिथे एक जुनी वास्तू गावाच्या नव्या कारभाराचे केंद्र झाली, आणि त्या कारभारातून पुढे देशभर दखल घेतली गेलेला वनहक्क मिळाला.

गोटुलात काय चालत असे

गोटूल म्हटले की बाहेरच्या वाचकाला मुलामुलींचे नृत्य आणि निशाजीवन आठवते. याचे बरेचसे कारण व्हेरिअर एल्विन यांचे १९४७ साली प्रसिद्ध झालेले मुरिया गोटुलावरचे पुस्तक. एल्विन यांचा अभ्यास बस्तरमधील मुरियांचा होता. तो गंभीर होता, आपुलकीचाही होता. पण त्याच्यावरून पुढे ज्या वरवरच्या गोष्टी लिहिल्या आणि चित्रित केल्या गेल्या, त्यांनी गोटुलाचे एकच अंग फुगवले आणि बाकीचे झाकून टाकले.

गडचिरोलीच्या गावांत गोटुलाचे काम खूप विस्तृत होते. गावाची बैठक तिथे भरे. तंटे तिथे सुटत. पेरणीपूर्वीचा विधी केव्हा करायचा, पंडुम हा सण कोणत्या दिवशी, शिकारीला कोणी जायचे, कोणाच्या घराला हातभार लावायचा, हे तिथे ठरे. परगावचा पाहुणा आला तर त्याची उतरण्याची सोय तिथेच. तरुण पोरे संध्याकाळी तिथे जमत. वडीलधाऱ्यांकडून वंशाच्या कथा, देवांची नावे, रानातल्या वनस्पतींची ओळख, ढोल वाजवण्याची आणि रेला नाचण्याची रीत तिथे शिकत. गोंडी परंपरा गोटुलाची स्थापना पहांदी पारी कुपार लिंगो यांच्याकडे नेते. म्हणजे समाजाने या वास्तूला धर्मस्थानाइतकेच मोल दिले होते.

वास्तू म्हणून गोटूल साधे असे. जाड लाकडी खांब, बांबूच्या तट्ट्या, वर गवताचे किंवा कवेलूंचे छप्पर, पुढे सारवलेले मोठे अंगण. भिंती असल्याच तर कमी उंचीच्या. आत बसलेल्याला बाहेरचा दिसे आणि बाहेरच्याला आत काय चालले आहे ते ऐकू येई. गावाच्या निर्णयात लपवण्यासारखे काही नव्हते, आणि बांधणीही तशीच होती.

हे फक्त गोंडांपुरते नाही. झारखंडातील उरांवांची धुमकुरिया, नागा गावांतील मोरुंग यांचीही जात हीच. जिथे जिथे गाव स्वतःचा कारभार स्वतः पाहत होते, तिथे तिथे त्याने बसायला एक जागा केली होती.

नगर सभागृहांची दुसरी वाट

इंग्रजी अमलात महाराष्ट्रातल्या शहरांत टाऊन हॉल उभे राहिले. मुंबईचा टाऊन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला. तो आज एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय म्हणून ओळखला जातो. कोल्हापूरचा टाऊन हॉल १८७२ ते १८७६ या काळात बांधला गेला, आणि १९४९ पासून त्यात वस्तुसंग्रहालय आहे. दोन्ही वास्तू सुंदर आहेत, दोन्हींचे जतन झाले ही समाधानाची बाब आहे. पण तिथे आता शहराच्या सभा भरत नाहीत. पुस्तके आणि मूर्ती आल्या, सभा दुसरीकडे गेल्या.

मेंढ्याच्या गोटुलाचे वेगळेपण इथेच आहे. त्याचे संग्रहालय झाले नाही. त्याला जुने काम परत मिळाले, आणि त्या जुन्या कामात नव्या काळाची कामे मिळवली गेली.

ओस पडण्याची कारणे

पूर्वी या भागात जमीनदारी होती. जंगल जमीनदाराचे मानले जाई, पण घराला, शेतीच्या अवजारांना, जळणाला आणि सार्वजनिक कामाला लागणारे लाकूड, बांबू, गवत घेण्याचा रयतेचा रिवाज होता. त्याला निस्तार हक्क म्हणत. स्वातंत्र्यानंतर जमीनदारी संपली, जंगल सरकारचे झाले. निस्ताराच्या नोंदी कागदावर राहिल्या, प्रत्यक्षात मात्र प्रत्येक लाकडासाठी परवानगी मागायची वेळ आली. गोटुलाचा खांब कुजला तर नवा कुठून आणायचा, हा प्रश्नच गावाला भेडसावू लागला.

दुसरे कारण मनाचे. शाळा, बाजार आणि कचेरीतून जी माणसे गावात आली त्यांनी गोटुलाला हिणवले. शिकलेल्या पोरांना तिथे बसायची लाज वाटू लागली. आपल्या आजोबांची सभा जिथे भरत होती ती जागा मागासलेपणाची खूण ठरली. छप्पर गळू लागले, खांब वाकले, आणि ते सावरायला कोणी पुढे आले नाही.

तिसरे कारण कारभाराचे. गावाचे निर्णय गट ग्रामपंचायतीकडे गेले. मेंढा हे लेखा गट ग्रामपंचायतीतले एक लहान गाव. त्याच्या प्रश्नांवर दुसऱ्या गावच्या कार्यालयात, मोजक्या सदस्यांच्या सह्यांनी निर्णय होऊ लागले. गावाला बसायचे कारणच उरले नाही, तर बसायची जागा कशी टिकणार?

आंदोलनातून आलेली जाग

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच सुमारास इंद्रावतीवर भोपालपटनम आणि गोदावरीवर इचमपल्ली अशी दोन मोठी धरणे प्रस्तावित होती. त्यांत दक्षिण गडचिरोलीतले जंगल आणि गावे बुडणार होती. याविरुद्ध १९८४ मध्ये ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे आणि लालश्यामशहा महाराज यांच्या पुढाकाराने हजारो आदिवासी रस्त्यावर आले. धरणांचे काम मागे पडले.

या आंदोलनाने धरण रोखले, त्याहून मोठे काम माणसांच्या मनात केले. जंगल वाचवायचे तर ते वाचवणार कोण, असा प्रश्न गावागावांत विचारला जाऊ लागला. त्याचे उत्तर ‘आपण’ असे असेल, तर आपण एकत्र कुठे बसायचे हा पुढचा प्रश्न ओघानेच आला. मेंढ्यातील तरुण देवाजी तोफा हे या आंदोलनात होते. चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल हे १९८७ पासून मेंढ्याशी जोडले गेले. सर्वांच्या सहमतीने निर्णय घेणारे गाव शोधत ते इथे आले होते. देवाजी तोफा आणि त्यांचे गाव, मोहन हिराबाई हिरालाल आणि त्यांचा अभ्यासू स्वभाव, यांची सांगड इथे बसली.

मोडले आणि पुन्हा उभारले

आपली ओळख परत मिळवायची तर गोटूल पुन्हा बांधायचे, असे मेंढ्याने ठरवले. जंगलातून सागाचे लाकूड आणले, सगळ्यांनी मिळून गोटूल उभारले. लाकूड विनापरवाना म्हणून वनखात्याने हरकत घेतली. गोटूल मोडण्यात आले, लाकूड जप्त झाले.

अशा वेळी गाव दोन प्रकारे वागू शकते. घाबरून गप्प बसते, नाहीतर संतापून हात उचलते. मेंढ्याने दोन्ही केले नाही. त्याने शेजारच्या गावांना बोलावले आणि प्रश्न सगळ्यांसमोर ठेवला. गोटूल ही गावाची सार्वजनिक वास्तू आहे, तिला लागणारे लाकूड गावच्या जंगलातून घेणे हा आमचा पूर्वापार हक्क आहे, अशी भूमिका घेतली गेली. मेंढ्याने आपले गोटूल पुन्हा बांधले, आणि आसपासच्या अनेक गावांनीही आपापली गोटुले उभी केली. एकाचे मोडता येते, सगळ्यांची मोडता येत नाहीत. वनखात्याने त्यानंतर हात लावला नाही.

या प्रसंगाकडे कोणी केवळ लाकडाचा तंटा म्हणून पाहू नये. सार्वजनिक कामासाठी गावाला जंगलावर हक्क आहे, हे गावाने इथे पहिल्यांदा कृतीने सांगितले. पुढच्या सगळ्या हक्कांची पायाभरणी त्या खांबांसोबत झाली.

सभेची रीत

गोटूल उभे राहिले, मग त्यात काय करायचे? मेंढ्याने ग्रामसभा सुरू केली. पंचायत राज घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पेसा कायदा १९९६ चा. मेंढ्याची सभा या दोन्हींच्या आधीपासून बसत होती.

या सभेचे नियम गावाने स्वतः घडवले. प्रत्येक घरातून किमान एक पुरुष आणि एक स्त्री आलीच पाहिजे. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा जरी विरोध असला तरी विषय थांबतो, चर्चा पुढच्या बैठकीत जाते. बाहेरच्यांना ही रीत वेळकाढू वाटते. गावाचा अनुभव वेगळा आहे. मतदानात हरलेला माणूस निर्णय मनापासून पाळत नाही. ज्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकले गेले, तो मात्र निर्णयाचा राखणदार होतो.

दारूचा प्रश्न हे याचे चांगले उदाहरण. मोहाची दारू ही देवाच्या आणि मरणाच्या विधीत लागणारी वस्तू. तिच्यावर एका बैठकीत बंदी घालणे शक्य नव्हते. बायकांनी प्रश्न लावून धरला, बराच काळ चर्चा चालली, आणि शेवटी विधीपुरता अपवाद ठेवून गावाने दारू बंद केली. कोणी वरून लादलेला तो नियम नव्हता, म्हणून तो मोडणाऱ्याला सगळ्या गावाला उत्तर द्यावे लागे.

बायकांचे गोटुलात येणे ही इथली सर्वांत मोठी भर आहे. जुन्या काळी गावाच्या बैठकीत पुरुषांचा वरचष्मा असे. नव्या गोटुलात स्त्रिया निर्णयाच्या जागी बसल्या, बोलल्या आणि पुढे जंगल राखण्यातही आघाडीवर राहिल्या. परंपरा जपताना तिच्यातले उणे दुरुस्त करता येते, हे मेंढ्याने दाखवले.

अभ्यासगट

ग्रामसभेच्या जोडीला मेंढ्यात अभ्यासगट सुरू झाला. निर्णय सभेने घ्यायचा, पण त्याआधी विषय समजून घ्यायचा तो अभ्यासगटात. इथे निर्णयाचे बंधन नसे, म्हणून मोकळेपणाने बोलता येई. गावकरी, बाहेरून आलेले जाणकार, कधी अधिकारी, कधी विद्यार्थी, असे सारे एकत्र बसून वनकायदा, निस्तार पत्रक, बांबूची वाढ, मधमाश्या, जमिनीच्या नोंदी यांवर चर्चा करत.

गोटूल ही पूर्वी तरुणांची शाळा होतीच. अभ्यासगटाने तिला प्रौढांचीही शाळा केली. निस्तार पत्रक वाचता येणारा माणूस परवानगी मागायला जात नाही, तो हक्क सांगायला जातो. मधमाश्या न मारता मध काढण्याची पद्धत गावाने शिकली. जंगलाला वणवा लागू द्यायचा नाही, फळासाठी झाड तोडायचे नाही, किती आणि केव्हा काढायचे ते सभेने ठरवायचे, असे नियम झाले. कागद कारखान्याला दिलेल्या बांबूच्या बेसुमार तोडीला गावाने विरोध केला. १९९० च्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापनाची योजना प्रामुख्याने उजाड जंगलांसाठी होती. चांगले जंगल राखणारे मेंढा तिच्यात आले, ते याच अभ्यासामुळे आणि चिकाटीमुळे.

याच काळात गावाची घोषणा सगळीकडे पोहोचली : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. तिच्यात सरकारविरोध नाही. दिल्ली-मुंबईचे सरकारही आमचेच आहे, असे ती आधी सांगते. गावापुरता निर्णय मात्र गावाने घ्यायचा, एवढाच तिचा आग्रह आहे.

गोटुलातून वनहक्कापर्यंत

वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला आणि २००८ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कायद्याने सामूहिक वनहक्काची तरतूद केली आणि दावा करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. अनेक गावांत ग्रामसभा कागदावरच होती. मेंढ्यात ती वीस वर्षे बसत आली होती. नकाशा, जुन्या नोंदी, वडीलधाऱ्यांच्या साक्षी, सगळे तयार होते. २००९ मध्ये मेंढा आणि मर्दा या गडचिरोलीतील गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशात असे हक्क मिळालेली ही पहिली गावे. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १८०० हेक्टर जंगल आले.

हक्काचा कागद मिळाला तरी बांबू विकण्याचा प्रश्न सुटला नव्हता. वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले, जुन्या वनकायद्याने त्याला झाड मानले होते, आणि वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात होता. काढलेला बांबू गावाबाहेर नेता येत नसेल तर हक्काला अर्थ काय? ग्रामसभेने हा मुद्दा सोडला नाही. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेकडे सोपवले. ज्या गावाचे गोटूल विनापरवाना लाकडासाठी मोडले गेले होते, त्याच गावाची सभा आता स्वतः परवाना देऊ लागली.

बांबूच्या विक्रीतून गावाला उत्पन्न मिळाले, गावातल्या गावात रोजगार मिळाला, ग्रामकोष उभा राहिला. पैसा आला की भांडणे येतात, असे सगळीकडे दिसते. इथे पैशाचा हिशेब सभेत मांडला जातो, म्हणून तो गावाचा राहिला. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम १९६४ चा आधार घेऊन त्यांनी आपल्या शेतजमिनी ग्रामसभेच्या नावे केल्या. कसणारा तोच राहिला, पण जमीन गावाबाहेर विकली जाण्याची वाट बंद झाली. विनोबांच्या ग्रामदान चळवळीचा भर ओसरून कित्येक वर्षे झाल्यावर एका लहान गोंड गावाने तिला पुन्हा जिवंत केले, याची नोंद इतिहासाने घ्यायलाच हवी. लेखक मिलिंद बोकील यांनी ‘गोष्ट मेंढा गावाची’ या पुस्तकात हा सारा प्रवास मराठी वाचकांसमोर आणला आहे.

वारसा पुढे जातो आहे

मेंढ्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. तेंदू आणि बांबूचे लिलाव ग्रामसभा स्वतः करू लागल्या. धानोरा तालुक्यातीलच मोहगाव ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि तिला गोटुलाचेच नाव दिले. मुलांना आपल्या भाषेत शिकवण्याचे गोटुलाचे जुने काम तिथे नव्या रूपात चालू आहे. शासकीय निधीतून सिमेंटची गोटूल-भवनेही अनेक गावांत झाली आहेत.

या नव्या भवनांबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. पक्के छप्पर आणि फरशी मिळाली म्हणजे गोटूल झाले असे नाही. ज्या भवनाची किल्ली एका माणसाकडे असते आणि जे वर्षातून दोनदा उघडते, त्याला गोटूल म्हणणे म्हणजे त्या नावाचा मान कमी करणे आहे. मेंढ्याचा सारा इतिहास हेच सांगतो, की सभा आधी आणि वास्तू तिच्यामागून. सभेच्या बळावर मोडलेले गोटूलही परत उभे राहते. सभा नसेल तर बांधलेले भवन कुलुपात जाते.

मुलचेऱ्यातील ग्रामसभांना

मुलचेरा तालुका हा अनेक समाजांचा आहे. गोंड आणि माडिया गावे आहेत, तेलुगू आणि मराठी बोलणारी कुटुंबे आहेत, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांनी वसवलेली गावे आहेत. कुठे गोटूल आहे, कुठे दुर्गापूजेचा मंडप आहे, कुठे समाजमंदिर. प्रत्येक समाजाला एकत्र येण्याची आपली जागा आहे आणि ती त्याने मानाने जपावी. पण जंगल, पाणी आणि रस्ता सगळ्यांचा एकच आहे. त्यावर निर्णय घेणारी ग्रामसभा सगळ्यांची असली पाहिजे, आणि तिला बसायला सर्वांना मोकळी असलेली जागा हवी.

म्हणून या लेखाच्या शेवटी ग्रामसभांना काही गोष्टींचे आवाहन करतो. आपल्या गावचे गोटूल किंवा जुनी सार्वजनिक वास्तू कुठे होती, केव्हा बांधली, तिथे कोणत्या सभा झाल्या, हे वडीलधाऱ्यांना विचारून यंदाच लिहून ठेवा. ती माणसे आज आहेत. सभा महिन्यातून एकदा तरी तिथेच भरवा, प्रत्येक घरातून एक बाई आणि एक पुरुष आलाच पाहिजे असा नियम करा. सभेचे इतिवृत्त आणि पैशाचा हिशेब त्याच वास्तूत, कोणालाही पाहता येईल असा ठेवा. शाळकरी मुलांना अधूनमधून तिथे बसवा, म्हणजे गावाचा कारभार कसा चालतो ते त्यांना पुस्तकाआधी डोळ्यांनी दिसेल. आणि जमल्यास एकदा धानोऱ्याला जाऊन मेंढ्याच्या ग्रामसभेशी बोला. त्यांनी केलेले जसेच्या तसे उचलायचे नाही. आपल्या गावाला काय लागते ते आपल्याच सभेत, सर्वांच्या संमतीने ठरवायचे आहे.